भंडारदऱ्याला तंबू ठोकायला निघालात? या चुका टाळा

फोटोत तंबूच्या दाराशी पाणी दिसतं म्हणून लोक मे महिन्यात बुकिंग करतात आणि तिथं गेल्यावर भेगाळलेला गाळ तुडवत पाण्यापर्यंत जातात. मग कॅम्पवाल्याशी वाद. पण प्रवरेवरचं हे धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं ते शेतीसाठी, आपल्या सेल्फीसाठी नव्हे. बहुतेक वर्षी ऑगस्टमध्ये ते भरतं आणि रब्बीची, उन्हाळी आवर्तनं, म्हणजे शेतीला सोडायचं पाणी, सुटली की काठ मागे सरकत जातो. तेव्हा बुकिंग करताना जुना फोटो नको, या आठवड्यातला व्हिडिओ मागा. काठोकाठ पाणी आणि कोरडी जमीन दोन्ही हवं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम.

उघड्या पडलेल्या गाळाचं आणखी एक आहे. वरून तो वाळलेला दिसतो, आत मऊ असतो. पाय रुतला तर हिसके देऊ नका, ते आणखी खोल नेतात. मागे रेलून वजन पसरा आणि पाय हळूहळू हलवत सोडवा. पोहायला उतरणं तर नकोच. दरी अडवून केलेला जलाशय आहे. दोन पावलांवर तळ नाहीसा होतो, शिवाय थंडगार पाणी दम काढतं. पट्टीचे पोहणारेही फसतात. जेवणाआधी ‘बसलेल्या’ मंडळींनी तर काठापासूनही लांब राहावं.

बोटीत लाइफ जॅकेट मांडीवर घेऊन बसणारे दर फेरीत दोघे-तिघे असतात. ते अंगात घाला, बकल लावा, मुलांना त्यांच्या मापाचं मागा. मोठ्यांचं जॅकेट मुलाच्या डोक्यावरून निसटतं. जॅकेट कमी पडत असतील तर पुढची फेरी घ्या, नावाडी कितीही ‘बसा हो, काही होत नाही’ म्हणाला तरी. धरणाजवळच्या शेंडी गावाहून पलीकडच्या रतनवाडीला पाण्यातून जायचं ठरवत असाल तर सकाळी निघा. दुपारनंतर वारा सुटला की लाटा आडव्या येतात. पाणी फार उतरलं असेल तर बोट तिथवर पोचतच नाही; तिथलं अमृतेश्वराचं देऊळ पाहायचं असल्यास सरळ गाडीनं जा.

तंबूच्या बहुतेक तक्रारी ओलीच्याच असतात. पहाटे कापड आतून ओलं झालं म्हणजे तंबू गळतोय असं नाही. तो आपलाच श्वास गार कापडावर साचलेला असतो. खिडक्यांची जाळी थोडी उघडी ठेवा, ओले कपडे आत वाळत घालू नका. खालून ओल येत असेल तर अंथरलेलं प्लास्टिक तंबूबाहेर डोकावतंय का ते बघा. दवाचं पाणी त्यावरून आत घुसतं. मुरमात खुंट्या शिरत नसतील तर दोर मोठ्या दगडांना बांधा.

डिसेंबरच्या थंडीत निखाऱ्यांची शेगडी आत घेऊन चेन लावणं मात्र जिवावर बेतू शकतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. एक घोंगडी जास्त घ्या. कुणाचं डोकं दुखू लागलं, मळमळलं, तर आधी त्याला बाहेर मोकळ्या हवेत आणा आणि लगेच दवाखान्याची वाट धरा.

जून ते सप्टेंबर तंबूचा हट्ट सोडा. जवळच्या घाटघरला नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात ते उगीच नाही. शेंडीत किंवा मुरशेतात एखाद्या घरी खोली घ्या. पिठलं-भाकरी मिळेल आणि पाठही कोरडी राहील.

मेअखेरीस काजव्यांसाठी येणाऱ्यांची तऱ्हा वेगळीच. हिरडा-बेहड्यांवर नर काजवे मादीसाठी चमकतात आणि आपण त्यांच्यावर हेडलाइटचा झोत टाकतो, वर ‘काजवे फार नव्हते’ म्हणून परततो. गाडी रस्त्यावरच ठेवा, दिवे बंद करा, मोबाइल खिशात. डोळे अंधाराला सरावायला पंधरा-वीस मिनिटं जातात. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, त्यामुळे आत शिरायची शेवटची वेळ वनखात्याच्या नाक्यावर आधी विचारा. शनिवारी तर येऊच नका. अरुंद रस्त्यावर गाड्या अडकल्या की रात्र तिथंच जाते.

पलीकडच्या काठाला मोबाइलची रेंज दगा देते, तेव्हा ‘पोचल्यावर फोन करू’ यावर विसंबू नका. कॅम्पचा रस्ता आधीच नीट विचारून घ्या, नकाशा उतरवून ठेवा. पेट्रोल आणि रोख पैसे मुंबई-नाशिक महामार्गावरच्या घोटीतच घ्या.