हायब्रिड सेडान घेताय? अ‍ॅव्हरेजच्या हिशेबात या चुका टाळा

"ही २७ देते, ती १८ देते, म्हणजे पेट्रोलचा एक तृतीयांश खर्च वाचला." मिडसाइज सेडान घ्यायला निघालेल्या माणसाकडून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता मी आकड्यांवर बोलतच नाही. आधी विचारतो, गाडी रोज कुठून कुठे जाणार?

होंडा सिटीच्या हायब्रिडचा, म्हणजे पेट्रोल इंजिनाला बॅटरीवरच्या मोटरची जोड असलेल्या गाडीचा, प्रमाणित आकडा लिटरला २७ किलोमीटरच्या आसपास आहे आणि त्याच गाडीच्या पेट्रोल ऑटोमॅटिकचा १८ च्या थोडा वर. दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते प्रयोगशाळेतले आहेत. तिथे गाडी रोलरवर चालते, एसी बंद असतो आणि वेग ९० च्या वर जात नाही. नागपुरात एप्रिल-मेमध्ये ४४-४५ अंशांत एसी बंद ठेवून कोण गाडी चालवतो?

सगळ्यात महाग चूक: रस्ता न बघता गाडी निवडणं

माझा मावसभाऊ त्रिमूर्तीनगरला राहतो. धंद्यासाठी त्याची छत्रपती संभाजीनगरची ये-जा सारखी सुरू असते आणि समृद्धी महामार्ग झाल्यापासून तो दुसरा रस्ता धरत नाही. अ‍ॅव्हरेजच्या आकड्यावर भाळून त्याने हायब्रिड घेतली. थोड्याच दिवसांत फोन आला, "दादा, गाडीत काहीतरी लफडं आहे. सोळाच्या वर जातच नाही न!" सर्व्हिस सेंटरला त्याच्या दोन चकरा झाल्या. त्यांनी तपासलं, काहीच सापडलं नाही. मग त्यांच्याशी भांडणही झालं.

गाडीत काहीही बिघाड नव्हता. हायब्रिडची बचत येते ती थांबण्या-निघण्यातून. ब्रेक मारताना मोटर जनित्रासारखी फिरते आणि एरवी उष्णतेत वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत जाते. सिग्नलवर इंजिन बंद राहतं आणि पुढची सुरुवात गाडी त्याच विजेवर करते. समृद्धीवर १२० च्या वेगाने सरळ जाताना ब्रेकच लागत नाही, मग बॅटरीत परत येणार काय? त्यात ९० वरून १२० वर गेलं की हवेचा विरोध जवळपास पावणेदोन पट होतो. त्या वेगाला बहुतेक काम इंजिनच करतं आणि हायब्रिड साध्या पेट्रोल गाडीच्या जवळ येऊन बसते.

मी त्याला एक टाकी फक्त शहरात चालवायला लावली. ऐन गर्दीच्या वेळी व्हेरायटी चौक, मेडिकल चौक, मानेवाडा. त्याच गाडीने वीसच्या वर अ‍ॅव्हरेज दिलं. वहिनी रोज सदरला नोकरीला जातात, त्यांच्याकडे साधी पेट्रोल गाडी होती. शेवटी घरातल्या घरात गाड्यांची अदलाबदल झाली आणि तक्रार तिथेच संपली. ही अदलाबदल करायला घरात दुसरी गाडी होती म्हणून निभावलं.

म्हणून शोरूमला जाण्याआधी महिनाभराचं रनिंग लिहून काढा. चौकाचौकांतून किती, मोकळ्या रस्त्यावर किती. कामठी रोडने जाणाऱ्यांनी हे नव्याने लिहावं. २०२४ मध्ये डबल डेकर पूल सुरू झाल्यापासून पुलावरून गेलात तर एलआयसी चौक ते ऑटोमोटिव्ह चौक हे मधले सिग्नल लागतच नाहीत. जुनं "शहरातलं रनिंग" आता तसं उरलेलं नाही.

दुसरी चूक: अ‍ॅव्हरेजमधून अ‍ॅव्हरेज वजा करणं

१२ ची गाडी १६ देऊ लागली, २० ची २४ देऊ लागली. फरक दोन्हीकडे चारचाच, म्हणून बचतही सारखीच, असं लोक धरून चालतात. हजार किलोमीटरला पहिल्यात सुमारे २१ लिटर वाचतात, दुसऱ्यात फक्त ८. खिशातून जातात ते लिटरचे पैसे, म्हणून हिशेब लिटरमध्येच करा.

हिशेबापुरतं धरू: पेट्रोल १०५ रुपये, महिन्याला हजार किलोमीटर, दोन्ही गाड्यांच्या शोरूम किमतीत साडेतीन लाखांचा फरक. त्यावर महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रोड टॅक्स आहे आणि २० लाखांच्या वर १३ टक्के. म्हणजे फरक आणखी चाळीसेक हजारांनी वाढतो. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशने स्ट्राँग हायब्रिडला (नुसत्या मोटरवरही चालू शकणाऱ्या, सिटी हायब्रिडसारख्या गाड्यांना) नोंदणीच्या खर्चात सूट दिली, त्याचे व्हिडिओ बघून नागपुरात बजेट लावू नका.

गर्दीच्या रस्त्यावर पेट्रोल ऑटोमॅटिक ११ देते आणि हायब्रिड २०, असं धरलं तर महिन्याला ४१ लिटर वाचतात. वर्षाचे साधारण ५१ हजार. जास्तीचे पैसे वसूल व्हायला साडेसात वर्षं लागतात. हायब्रिड बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असते, हे इथेच बाजूला लिहून ठेवा. रनिंग महिन्याला दोन हजार असेल तर चार वर्षांच्या आत वसुली होते आणि मग मी डोळे झाकून हायब्रिड घ्या म्हणतो. पण सगळं हायवेचंच असेल, एक १७ आणि दुसरी २०, तर महिन्याला जेमतेम ९ लिटर वाचतात. तेवढ्यावर फरक भरून निघायला तीस वर्षांहून जास्त लागतील.

अर्थात शांत, झटके न देणारी गाडी हवी म्हणून हायब्रिड घेणं मला पूर्ण पटतं. तेही मोल आहेच. फक्त ते "पैसे वाचवायला घेतली" या नावाखाली लिहू नका.

न्यूट्रलची सवय सोडा

जुन्या गाड्यांवर हात बसलेले लोक पुलाच्या उतारावर आणि सिग्नल दिसताच गाडी न्यूट्रलला टाकतात. हायब्रिडमध्ये न्यूट्रल म्हणजे बॅटरी भरणं बंद. जिथे फुकट मिळणार होतं, नेमकं तिथेच हात आखडता. गियर डीमध्येच राहू द्या, पाय लवकर उचला आणि ब्रेक लांबून, हलका दाबा. शेवटच्या क्षणी जोरात दाबलात की काम मोटरकडून निसटून ब्रेक पॅडकडे जातं. पहिल्याच आठवड्यात अ‍ॅव्हरेजचा निकाल मागणाऱ्यांनी आधी पायाला ही सवय लागू द्यावी.

मोजण्यातल्या चुका

डॅशबोर्डवरच्या आकड्यावर निवाडा नको. टाकी ऑटो कटपर्यंत, म्हणजे पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत भरा, एकच पंप ठेवा आणि सलग काही टाक्यांची सरासरी काढा. ऑटो कटनंतर गोल आकड्यासाठी आणखी पेट्रोल रेटून भरून घेणं बंद करा. हिशेब बिघडतोच, शिवाय पेट्रोलची वाफ शोषणारा डबाही खराब होतो.

टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना बघा. भर दुपारी तापलेल्या टायरमध्ये आकडा जास्त दिसतो, पंक्चरवाला हवा काढतो आणि पुढे तुम्ही कमी हवेवर फिरत राहता.

काकांच्या २०१६ च्या आकड्याशी आजची तुलना करू नका. आता पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते.

डिकीही बघा. बॅटरी मागे बसल्याने सिटी हायब्रिडची डिकी ५०६ लिटरवरून ३०६ वर येते.

जुनी गाडी घेताना

मारुती सियाझवर "स्मार्ट हायब्रिड" लिहिलेलं बघून लोक तिला सिटी हायब्रिड किंवा टोयोटा कॅम्रीच्या रांगेत बसवतात. सियाझची व्यवस्था माइल्ड आहे. तिची छोटी मोटर इंजिनला हात देते, पण एकटी चाकं फिरवू शकत नाही. गाडी उत्तम आहे, पण हायब्रिड म्हणून तिला वरचे पैसे मोजू नका.

खरी हायब्रिड असेल तर एसी लावून हळू चालवून बघा, इंजिन बंद ठेवून गाडी पुढे सरकते का. मग मागच्या सीटजवळ हात घाला. बऱ्याच हायब्रिडमध्ये तिथे बॅटरीला हवा देणारी जाळी असते. नागपूरच्या धुळीने ती कोंदते, वर लोक बॅगा आणि चादरी टाकतात, बॅटरी तापते आणि गाडी तिचा वापर कमी करते. विकणाऱ्याला सर्व्हिसची बिलं मागा आणि ही जाळी साफ केल्याची नोंद आहे का ते वाचा. नोंद नसेल तर किंमत ठरवण्याआधी ती तुमच्यासमोर उघडायला लावा.