फौजी आजोबांबद्दल लिहायचंय? आधी पेटी उघडा

आजोबा गेले की दोन दिवसात घरात कोणीतरी म्हणतंच, दशक्रियेला वाचायला काहीतरी लिहून काढ, आणि मग जे लिहिलं जातं ते सगळ्यांचं सेम असतं, शूर, शिस्तीचे, प्रेमळ, देशासाठी झटलेले. त्यात आपले आजोबा कुठे दिसतच नाहीत. माझं ऐकाल तर रामकुंडावर पाच ओळी बोला आणि खरं लिखाण वर्षश्राद्धापर्यंत निवांत करा.

सुरुवात त्यांच्या काळ्या पत्र्याच्या पेटीपासून. डिस्चार्ज बुक शोधा, भरती कधी, युनिट कोणतं, रिटायर कधी, ते कळेल. प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढा आणि बुक आजीकडे परत द्या, फॅमिली पेन्शनच्या कामात ते आणि पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद) दोन्ही लागतात (कुठे अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा).

मग मेडल. ब्रासो लावून घासत बसू नका प्लीज! कडेवर बारीक अक्षरात नंबर, रँक, नाव कोरलेलं असतं, ते झिजतं. १९७१ च्या लढाईचं "पूर्वी स्टार" नावाचं (पूर्व आघाडीचं) मेडल असेल तर आजोबा बांगलादेशच्या बाजूला होते, "पश्चिमी स्टार" असेल तर पश्चिमेला पाकिस्तान सीमेवर. घरात पिढ्यानपिढ्या "आजोबा ढाक्याला होते" चाललेलं असतं आणि मेडल भलतंच सांगतं, अशावेळी मेडलवर विश्वास ठेवा.

पुढचं काम त्यांचे दोस्त गाठायचं. नाशिककरांना हे सोपं आहे, नाशिक रोडला तोफखान्याचं सेंटर, देवळालीला स्कूल ऑफ आर्टिलरी, त्यामुळे रिटायर होऊन इथेच राहिलेले बरेच जण भेटतात, फौजी कॅन्टीनच्या (सैनिकांसाठीच्या दुकानाच्या) लाइनीत उभं राहिलात तरी कोणीतरी ओळखीचं निघतं. फक्त "युद्धात काय झालं" असं थेट विचारू नका, गप्प होतात किंवा भाषण देतात. तोफेवर आजोबांचं काम काय होतं, नेम लावायचे की गोळा भरायचे की वायरलेसवर असायचे, जेवायला काय मिळायचं, त्यांना चिडवायचे कशावरून, असं विचारा. आणि जरा मोठ्याने बोला, तोफांनी कान गेलेले असतात.

आता आजोबा म्हणून. इथे सगळ्या नातवंडांना एकत्र बसवू नका, जो मोठ्याने बोलतो त्याचीच आठवण खरी ठरते, त्यापेक्षा प्रत्येकाकडून वेगळा व्हॉइस मेसेज मागवा. "खूप लाड करायचे" असं कोणी म्हटलं की विचारा, म्हणजे काय करायचे? आमच्याकडे रविवारी रात्री शाळेच्या बुटांची परेड असायची, आधी ब्रश, मग ओला कापूस बोटावर गुंडाळून बारीक गोल गोल फिरवायचा, बुटाच्या टोकात ट्यूबलाइट दिसेपर्यंत सुट्टी नाही, आणि हाच माणूस आजीची पाठ फिरली की कॅन्टीनचा बिस्किटपुडा आमच्या दप्तरात सरकवायचा. असं एक मिळालं ना की "शिस्तप्रिय" आणि "प्रेमळ" दोन्ही शब्द खोडता येतात.

राग, रम, वर्षाला दोन महिन्यांच्या सुट्टीतच दिसणारा बाप, हे पण येऊ द्या, पण आधी आजीला वाचून दाखवा, ती नको म्हणाली ते काढा, वाद घालू नका.

छापताना टाइप मोठा ठेवा, सोळा पॉइंट तरी, आणि दहा कॉप्या जास्तीच्या काढा, त्यांच्या दोस्तांना पीडीएफ पाठवून उपयोग नाही, घरी नेऊन द्याव्या लागतात.