लहानपणी ऐकलेले संगीत डीजेने आपल्या सेटमध्ये कसे आणावे

नव्या डीजेला त्याची शैली विचारली, की तो बहुधा हाउस, टेक्नो किंवा ड्रम अँड बेस या नृत्यसंगीताच्या प्रकारांपैकी एखादे नाव सांगतो. माझ्या मते शैलीचा शोध या नावांपासून सुरू करू नये. डेकसमोर, म्हणजे गाणी वाजवण्याच्या यंत्रासमोर, उभे राहण्याच्या कितीतरी आधी जे संगीत कानांत मुरले, तिथपासून तो करावा.

अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात घडलेल्या टेक्नोच्या सुरुवातीकडे पाहिले की हे स्पष्ट होते. हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन हे त्याचे तिघे प्रणेते मिशिगनमधील बेलव्हिल येथे एकाच शाळेत शिकले. त्या काळी डेट्रॉइटच्या रेडिओवर ‘इलेक्ट्रिफाइंग मोजो’ या नावाने ओळखला जाणारा निवेदक अमेरिकी फंक आणि क्राफ्टवर्क या जर्मन गटाचे यांत्रिक संगीत एकाच कार्यक्रमात लावत असे. ॲटकिन्सच्या रचनांत त्या सिंथेसायझरच्या नादाचा ठसा ठळक आहे. सॉन्डरसनचा जन्म मात्र न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनचा. तिथल्या पॅराडाइज गराज या क्लबात डीजे लॅरी लेव्हानच्या सेटमधून, म्हणजे सलग वाजवलेल्या गाण्यांच्या मालिकेतून, त्याने ऐकलेली डिस्कोची भरदार गायकी पुढे त्याच्या इनर सिटी या गटाच्या रचनांत मोकळेपणाने उतरली.

आपल्या बाबतीत हे धागे शोधण्यासाठी, डीजे होण्याचा विचारही मनात नव्हता तेव्हा पुन्हा पुन्हा ऐकलेल्या पंधरा-वीस ध्वनिमुद्रणांची यादी करावी. त्यात लोकसंगीत, रॉक, समूहगान, काहीही चालेल. प्रतिष्ठेचा विचार करून यादी सजवू नये, कारण सजवलेली यादी कामाची राहत नाही. मग प्रत्येक ध्वनिमुद्रण हेडफोनवर सलग ऐकावे आणि ज्या क्षणी अंगात काही हलते, त्या क्षणाची मिनिटे-सेकंद लिहून तिथे नेमके काय घडते तेही नोंदवावे. बेस आत आला, गाणारा थांबला, की टाळ्यांची जागा झांजेने घेतली? ‘छान वाटते’ एवढी नोंद पुरेशी नाही.

यादी संपेपर्यंत एखादी गोष्ट वारंवार आलेली दिसते. बहुतेक खुणा केवळ तालवाद्ये उरतात त्या ठिकाणी असतील, तर तालप्रधान, कमी सुरावटीच्या रचना निवडाव्यात आणि मिक्स, म्हणजे एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना दोन्ही एकत्र वाजतात तो भाग, लांब ठेवावेत. शिकागोच्या वेअरहाउस क्लबात डीजे फ्रँकी नकल्सने हाच मार्ग धरला होता. डिस्कोच्या ध्वनिमुद्रणांची टेप कापून-जोडून तो त्यांतील तालाचे भाग लांबवत असे. खुणा आवाजाभोवती असतील, तर दोन गायक एकमेकांवर येणार नाहीत, असे मिक्स आखावे लागतात.

जुने ध्वनिमुद्रण प्रत्यक्ष सेटमध्ये घेताना खरी मेहनत लागते. समजा, ते 116 बीपीएमचे (मिनिटाला 116 ठोक्यांचे) आहे आणि सेट 124 वर चालला आहे. पिच, म्हणजे वाजवण्याचा वेग, जवळजवळ 7 टक्के वाढवावी लागेल. की-लॉक, म्हणजे वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय, बंद असेल तर सुमारे 6 टक्क्यांनाच सूर अर्ध्या स्वराने चढतो. चालू असेल तर सूर जागेवर राहतो, पण गाण्याचा आवाज ताणल्यासारखा होऊ शकतो. दोन्ही प्रकारे वाजवून पाहावे आणि कानाला पटेल ते ठेवावे. 87 बीपीएमचे गाणे मात्र 174 च्या ड्रम अँड बेसमध्ये वेग न बदलता बसते, कारण त्याच्या एका ठोक्यात तिकडचे दोन ठोके मावतात.

माणसाने वाजवलेल्या ड्रमची लय किंचित पुढे-मागे होत राहते, त्यामुळे सॉफ्टवेअरने आपोआप आखलेल्या बीटग्रिडवर, म्हणजे ठोक्यांच्या आखणीवर, विसंबू नये. सुरुवातीच्या स्वच्छ भागातून 8 किंवा 16 ठोक्यांचा लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) घ्यावा, मिक्स त्या लूपवरच पूर्ण करावा आणि दुसरा ट्रॅक पूर्ण बाहेर गेल्यावर लूप सोडावा. नृत्यसंगीतातील बदल बहुधा 32 ठोक्यांच्या टप्प्यावर येतात. जुन्या गाण्यात तसे असेलच असे नाही, म्हणून ठोके मोजून क्यू पॉइंट, म्हणजे गाणे जिथून सुरू करायचे त्या खुणा, आधीच लावून ठेवावेत. जुन्या ध्वनिमुद्रणाचा खालचा पट्टा, म्हणजे बेसचा आवाज, पुष्कळदा क्षीण असतो. अशा वेळी गेन (आवाजाची पातळी) हेडफोनमध्ये आधी जुळवावा आणि मिक्स चालू असताना दोन्ही बाजूंचा बेस एकाच वेळी उघडा ठेवू नये.

तासाभराच्या सेटला अशी एक-दोन ध्वनिमुद्रणे पुरतात. सेट रेकॉर्ड करून काही दिवसांनी ऐकावा. ज्याला आपल्या आठवणी ठाऊक नाहीत, अशा श्रोत्याला जुन्या ध्वनिमुद्रणाचा भाग भरलेला वाटेल का, हे प्रामाणिकपणे तपासावे. वाटत नसेल, तर ते ध्वनिमुद्रण यादीत राहू द्यावे आणि त्यात जे आवडले होते, तो ताल, तो बेस किंवा तसा आवाज असलेला नवा ट्रॅक त्याच जागी वाजवून पाहावा.