मराठी वेबसाइट बनवताय? एवढं आधी बघा
कोड लिहायला व्हीएस कोड हा एडिटर फुकट आणि पुरेसा आहे. एडिटर निवडण्यात आठवडा घालवू नका. सीएसएस (पानाचं रूप ठरवणारा कोड) अडलं की थेट मोझिलाचं एमडीएन हे माहितीचं संकेतस्थळ उघडा. कुठला गुणधर्म कोणत्या ब्राउझरमध्ये चालतो, याचा तक्ता पानाच्या तळाशी असतो. आधी तोच बघा.

मराठी पानात हमखास राहून जातं ते पानाच्या कोडमधल्या सुरुवातीच्या एचटीएमएल टॅगच्या ‘लँग’मध्ये (lang) ‘एमआर’ (mr) हा मराठीचा भाषा-कोड देणं. तो दिला, की ज्या फाँटमध्ये सोय आहे त्यात ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दिसतात. स्क्रीन रीडरलाही, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही, भाषा कळते. गूगल फाँट्सवरचा ‘मुक्ता’ वापरून बघा, मोफत आहे. ओळींमधलं अंतर मात्र अक्षराच्या दीडपटीखाली नेऊ नका, नाहीतर खालच्या ओळीतल्या वेलांट्या-रफार वरच्या ओळीतल्या उकारांना भिडतात.