शेवाळाच्या गॅसवर वीज: टाकी बंद पडली तेव्हा

येऊरला घरामागच्या तळ्यातलं शेवाळ गाळून बायोगॅसच्या टाकीत घालत होतो. महिनाभर छान चाललं, मग गॅस आटला आणि टाकीला अमोनियाचा उग्र वास. शेवाळात नायट्रोजन फार, त्याचाच अमोनिया होतो आणि गॅस करणाऱ्या जिवाणूंना तो बाधतो. शेवाळात एका भाग नायट्रोजनला कार्बन ६ ते १० भाग, जिवाणूंना हवा २० ते ३०. आठवडाभर काहीच घातलं नाही, मग ताजं शेण, आणि पुढे शेवाळात कार्बन वाढवायला भाताचा पेंढा अगदी बारीक कापून. पेंढा तरंगून वर थर धरतो, म्हणून रोज ढवळायचंच! हळूहळू गॅस परतला. जनरेटरकडे जाणाऱ्या गॅसच्या नळीत गंजलेला लोखंडाचा कीस भरलाय, नाहीतर गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड इंजिन खातो. घनमीटरभर गॅसवर दीडेक युनिट वीज मिळते. संध्याकाळचे दिवे आता त्यावरच.