डोळे आले तर घरी काय करावं आणि दवाखाना कधी गाठावा

पावसाची झड लागली की आमच्या मराठवाड्यात घराघरांत डोळे येतात. २०२३ च्या पावसाळ्यात तर साऱ्या राज्यात साथ होती. तेव्हा घरोघरी काळे चष्मे आले, पण तोंड पुसायचा टॉवेल सगळ्यांचा एकच राहिला. चष्म्यानं उजेडाचा त्रास कमी होतो, साथ थांबत नाही. डोळे आलेल्या माणसाकडं नुसतं बघितल्यानं डोळे येत नाहीत. त्याच्या डोळ्याचं पाणी हाताला, टॉवेलला, उशीला लागतं आणि तिथून आपल्या डोळ्यात जातं.

आधी ओळखा. सकाळी पापण्या चिपडांनी चिकटलेल्या, डोळा लाल, आत वाळू गेल्यासारखं खुपतं. बहुतेकदा आधी एक डोळा येतो, मग एक-दोन दिवसांत दुसरा. पातळ पाणी गळतंय, सोबत सर्दी किंवा घसा धरलाय, तर बहुधा विषाणूचा संसर्ग. तो आठवडा-दोन आठवड्यांत आपला आपण उतरतो, अँटिबायोटिकचा त्यावर उपयोग नाही. पिवळा-हिरवा घट्ट पू पुसला तरी पुन्हा पुन्हा येतोय, तर जिवाणू असू शकतात; तेव्हा डॉक्टरांना दाखवून औषध घ्या. दोन्ही डोळ्यांना नुसती खाज आणि शिंका असतील तर ॲलर्जी. सोयाबीनच्या मळणीत भुसा उडतो तेव्हा हे हमखास दिसतं. ती एकाची दुसऱ्याला लागत नाही.

आता डोळा पुसायचा कसा ते. पाणी उकळून, झाकून, थंड होऊ द्या. हात साबणानं धुवा. कापसाचा बोळा पाण्यात भिजवून पिळा आणि मिटलेल्या पापणीवर मिनिटभर ठेवा, म्हणजे सुकलेली चिपडं मऊ पडतात. लेकरू रडतंय म्हणून घाईनं ओढू नका, पापणीचे केस उपटतात. मग नाकाकडून कानाकडं एकदाच पुसा आणि बोळा टाकून द्या. पुढच्या वेळी नवा बोळा, दुसऱ्या डोळ्याला तर नवाच. दिवसातून तीन-चार वेळा पुरे. आग होत असेल तर गार पाण्याची पट्टी ठेवा. डोळ्याला पट्टी बांधून ठेवू नका. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर ती बंद करा.

हात सारखे धुवा, हे सांगणं सोपं आहे. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं तिथं ते कसं करायचं? आम्ही प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला तापवलेल्या खिळ्यानं भोकं पाडली आणि बाटली मोरीजवळ उलटी टांगली. दाबली की बारीक धार येते. साबण नीट चोळला तर पेलाभर पाण्यात हात स्वच्छ होतात. रांजणात तांब्या-हात बुडवू नका, ओगराळ्यानं पाणी घ्या. डोळे आलेल्याचा टॉवेल वेगळा ठेवा, त्याला रंगीत दोरा बांधा म्हणजे घाईत चूक होत नाही. उशीचा अभ्रा रोज बदला. काजळाची डबी टाकून द्या. डोळ्यांतून पाणी आणि पू थांबेपर्यंत लेकरू शाळेत पाठवू नका.

आईचं दूध, मध, कोथिंबिरीचा रस, तुरटीचं पाणी, यातलं काहीच डोळ्यात घालू नका. म्हातारी माणसं मायेनंच सांगतात, पण यातली कुठलीच वस्तू निर्जंतुक नसते आणि सुजलेला डोळा आणखी चिघळतो.

सगळ्यात घातकी म्हणजे दुकानातून मागून आणलेला किंवा दुसऱ्याचा उरलेला ड्रॉप. आमच्या तात्यांच्या डोळ्याला ऊसतोडीत उसाचं पातं लागलं. घरच्यांना वाटलं, डोळे आलेत. शेजाऱ्यानं दिलेला उरलेला ड्रॉप घातला, दोन दिवसांत लाली उतरली, सगळे निश्चिंत. त्यात स्टेरॉइड होतं; ते लाली दाबतं, जंतू मारत नाही. बुबुळावरची जखम आतून वाढतच गेली, फूल म्हणजे पांढरा डाग पडला, आणि त्या डोळ्यानं त्यांना आता फक्त उजेड-अंधार कळतो. म्हणून पातं, काडी, कुसळ लागून डोळा लाल झाला तर ते डोळे येणं समजू नका, त्याच दिवशी दाखवा. फवारणीचं औषध उडालं तर आधी स्वच्छ पाण्याची धार पंधरा-वीस मिनिटं डोळ्यावर सोडा आणि तडक दवाखान्यात न्या.

याशिवाय नजर अंधुक झाली, ठणका लागला, उजेड सहन होईना, बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, डोळ्याभोवती नागिणीसारखे फोड आले किंवा डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, तर थांबू नका. डोळा लाल, डोकं दुखतंय, उलट्या होतायत, हा काचबिंदूचा झटका असू शकतो. रात्र असली तरी निघा. महिन्याच्या आतल्या बाळाच्या डोळ्यातून पू आला तर एक दिवसही घरी काढू नका, काही जंतू एक-दोन दिवसांत बुबुळ खातात. साधे डोळे आलेलेही आठवड्यात उतरले नाहीत तर दाखवा.

जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठा. तिथून पुढं पाठवलं तर जिल्हा रुग्णालय, संभाजीनगरचं घाटी रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं शासकीय रुग्णालय आहेच. निघताना घरात जो काही ड्रॉप घातला असेल त्याची बाटली सोबत घ्या आणि किती दिवस घातला ते न लपवता सांगा.