सिनेमा-संगीतावरची मुलाखत फसते कुठे? चित्रपट-दिग्दर्शकाशी बोलताना या चुका टाळा

दोन तास गप्पा रंगल्या, चहा दोनदा झाला, निघताना फोटोही काढला. घरी येऊन लिहायला बसलं की हाती लागतं ते एवढंच : ‘पंचमदांची बातच वेगळी’, ‘त्या काळी शब्दांना किंमत होती’, ‘हल्ली मेलडी राहिली नाही’. दर दिवाळी अंकात अशी एक तरी मुलाखत सापडते. दोष बहुतेक वेळा बोलणाऱ्याचा नसतो. त्याला विचारलेलं असतं ते पुरं झालेल्या गाण्याबद्दल, आणि पुऱ्या झालेल्या गाण्याबद्दल त्याला तुमच्यापेक्षा फारसं वेगळं काही माहीत नसतं. त्याच्यापाशी जे असतं ते गाणं घडतानाचं काम. तिथं पोचायचं तर प्रश्न बदलावे लागतात.

‘हे गाणं कसं सुचलं?’

हा प्रश्न वहीतून खोडून टाका. गाणं एका जागी सुचत नाही, ते पाच-सहा खोल्यांतून फिरत येतं. आधी संगीतकाराकडे सिटिंग. तिथं दिग्दर्शक सिच्युएशन सांगतो आणि पेटीवर चाली निघतात. हिंदीत बहुतेकदा चाल आधी आणि शब्द नंतर, म्हणून गीतकाराला मीटर कळावं यासाठी काहीबाही डमी बोल घातलेले असतात. मग अरेंजर, म्हणजे वाद्यमेळ बांधणारा, म्युझिक पीस (ओळींच्या मधले वाद्यांचे तुकडे) लिहितो, वादकांची रिहर्सल होते, टेक, म्हणजे प्रत्यक्ष रेकॉर्डिंग होतं. मग सेटवर प्लेबॅक लावून चित्रीकरण, त्यानंतर संकलन आणि शेवटी मिक्सिंग. प्रत्येक ठिकाणी दिग्दर्शकाची जागा वेगळी. सिटिंगला तो गिऱ्हाईक असतो, टेकला जवळजवळ पाहुणा आणि सेटवर मालक.

म्हणून प्रश्न टप्प्यावर बोट ठेवून विचारा. सिटिंगला सिच्युएशन कुठल्या शब्दांत सांगितलीत? पसंत पडलेली चाल कितवी होती, आधीच्या का गेल्या? टेकच्या दिवशी काचेच्या अलीकडे बसला होतात की पलीकडे? सेटवर मधला म्युझिक पीस लांब वाटला का, तेवढ्या शॉट्सची सोय केली होती का, नसेल तर तिथं काय भरलंत? या शेवटच्या प्रश्नावर तर हमखास गाडी सुटते. तीस सेकंदांच्या व्हायोलिनच्या तुकड्यात नायिकेला करायला काय द्यायचं, हा दिग्दर्शकाचा खराखुरा पेच असतो आणि तो त्याला फारसं कुणी विचारलेला नसतो.

यातलीच दुसरी चूक म्हणजे दिग्दर्शक जे सांगेल ते सगळं साक्षीपुरावा मानणं. ‘हा पीस संगीतकारानं जागच्या जागी रचला’ असं तो म्हणाला की हळूच विचारा, ‘हे तुम्ही पाहिलंत की नंतर ऐकलंत?’ शंकर-जयकिशन यांच्याकडे वाद्यमेळाची बांधणी सेबॅस्टियन डिसूझा करायचे. पंचम, म्हणजे राहुलदेव बर्मन यांच्या चमूत मनोहारी सिंग, बासू चक्रवर्ती आणि मारुतीराव कीर होते. गोव्याहून मुंबईत आलेल्या कितीतरी वादकांनी स्वरलिपी लिहून हे काम पेललं आणि पडद्यावर त्यांची नावं फार तर ‘सहायक’ म्हणून आली. दिग्दर्शकाला ते सगळे तोंडओळखीचे असतात. नावानिशी विचारलंत तरच नावं येतील, नाहीतर सगळं श्रेय पोस्टरवरच्या दोन नावांत मावतं.

साल चुकलं की प्रश्नच चुकतो

‘पाकिजा’ लागला फेब्रुवारी १९७२ मध्ये. म्हणून ‘१९७२ च्या बदलत्या संगीतात तुम्ही ठुमरीकडे का वळलात?’ असा प्रश्न काढलात तर तो पहिल्याच पायरीवर कोसळतो. ते काम पन्नाशीच्या दशकात सुरू झालेलं, संगीतकार गुलाम मोहम्मद १९६८ मध्येच वारलेले आणि पार्श्वसंगीत नौशाद यांनी पुरं केलेलं. त्या चालींचा काळ वेगळा आणि प्रदर्शनाचा काळ वेगळा. प्रत्येक चित्रपटासाठी वहीत निदान तीन रकाने ठेवा : गाणं कधी रेकॉर्ड झालं, सेन्सॉरचा दाखला कधीचा, चित्रपट कधी लागला. पहिला रकाना रिकामा असेल तर तोच पहिला प्रश्न.

पुरस्कारांचंही तसंच. फिल्मफेअर १९५४ पासून सुरू झाले खरे, पण पार्श्वगायनाचा पुरस्कार १९५९ पासून, आणि गायक-गायिकांना वेगवेगळा तर १९६८ पासून. त्याआधीच्या गायकावर ‘अन्याय’ झाला म्हणून तावातावानं विचारणारे मुलाखतकार आहेत. जो पुरस्कारच नव्हता तो मिळणार कसा?

‘पहिलं’ या शब्दापाशीही जरा थांबा. १४ मार्च १९३१ ला गिरगावात मॅजेस्टिकला लागलेल्या ‘आलम आरा’त गाणी होती, पण पार्श्वगायन नव्हतं. ते हिंदीत रुळायला १९३५ मधला कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सचा ‘धूप छाँव’ यावा लागला.

आणि बोलणाऱ्याचं साल चुकलं तर? समजा, कुणी म्हणालं की १९५४ मध्ये विविध भारतीवर ते गाणं सारखं वाजायचं. विविध भारती सुरू झाली ३ ऑक्टोबर १९५७ ला. त्याआधी, बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री असताना, आकाशवाणीनं चित्रपटगीतांना जवळजवळ दार लावलं होतं आणि लोक रेडिओ सिलोन पकडत होते. अशा वेळी ‘नाही सर, तुम्ही चुकताय’ म्हणालात तर पुढचा तासभर सावध, चपटी उत्तरं मिळतील. ‘बुधवारी रात्री बिनाका गीतमाला लावायचे का घरी?’ एवढं विचारा. आठवण बहुतेक वेळा आपणच सरळ होते. नाही झाली, तर जे म्हणाले ते तसंच ठेवून छापताना कंसात बरोबर साल द्या.

तीन दत्ता आणि एक चितळकर

मराठी माणसाला इथं फायदा आहे, पण घसरतोही तोच. ‘दत्ता म्हणाला’ असं रेकॉर्डिंगमध्ये आलं. आता कोण? शंकर-जयकिशन यांचे सहायक आणि स्वतंत्र संगीतकार दत्ताराम वाडकर, ज्यांचा ढोलकीचा ठेका वादक आजही त्यांच्याच नावानं ओळखतात, ते? की ‘धूल का फूल’चे एन. दत्ता, म्हणजे दत्ता नाईक? की लतादीदींना हिंदीत पार्श्वगायन देणारे दत्ता डावजेकर? पाठोपाठ ‘आनंद’ येतो : देव, चेतन की गोल्डी ऊर्फ विजय? की आनंद बक्षी? की कल्याणजींचे आनंदजी? उलटही घडतं. गायक ‘चितळकर’ आणि संगीतकार सी. रामचंद्र हे एकच, हे ठाऊक नसलं की एका माणसाची दोन माणसं होऊन छापली जातात.

उपाय साधा आहे, फक्त तो बोलणं चालू असतानाच करायचा असतो. नाव आलं की वाक्य पुरं होऊ द्या आणि मग पूर्ण नाव तुम्हीच मोठ्यानं उच्चारा : ‘दत्ताराम वाडकर ना?’ होकार आवाजात येऊ द्या. मान हललेली रेकॉर्डरला दिसत नाही.

मान हलण्यावरून आठवलं : ‘हा यमनच आहे ना?’ असलं विचारून विद्वत्ता दाखवू नका. सिनेमातली चाल दोन ओळींत तीन रागांना शिवून येते. दिग्दर्शक सौजन्यानं ‘हो हो’ म्हणतो आणि छापून येतं की त्यांनी मुद्दाम यमन निवडला.

तुम्ही पाहिलेली प्रत कुठली?

या चुकीची कुणाला शंकाही येत नाही. जुन्या चित्रपटांच्या इंटरनेटवरच्या आणि टीव्हीवरच्या प्रती सर्रास कापलेल्या असतात, आणि कात्री बहुधा पहिल्यांदा गाण्यावरच चालते. ‘दुसऱ्या अंतऱ्यानंतर एकदम कट का घेतलात?’ असं विचारता, आणि तो कट कुठल्यातरी वाहिनीनं घेतलेला असतो.

तपासायची रीत अशी. चित्रपटाच्या सुरुवातीला सेन्सॉरचा दाखला दिसतो, तिथं थांबवून लांबी वाचा. ३५ मिलीमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट, म्हणजे सुमारे २७.४ मीटर धावते. दाखल्यावर ४,००० मीटर असेल तर चित्रपट साधारण १४६ मिनिटांचा हवा. तुमची प्रत १२५ मिनिटांची असेल तर वीस मिनिटं गेली कुठं ते आधी शोधा. मात्र १४० भरली तर लगेच कात्रीला दोष देऊ नका. पाल (PAL) या टीव्ही-प्रक्षेपण पद्धतीच्या टीव्ही किंवा डीव्हीडी प्रतीत सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी पळतात, त्यामुळे चित्रपट चार टक्के आखूड होतो. त्याबरोबर सूरही जवळजवळ पाऊण पट्टी चढतो. अशा प्रतीवर पेटी लावून ‘गायिकेला इतकी वरची पट्टी का दिलीत?’ असं विचारणं म्हणजे मशीनचा हिशेब माणसाकडून मागणं.

रेकॉर्डचं प्रकरण आणखी निराळं. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मावत. लांब गाणं दोन्ही बाजूंवर तोडलं जाई किंवा एखादा अंतरा फक्त पडद्यावर राही. चाळीसच्या दशकात तर रेकॉर्डसाठी गाणं कित्येकदा वेगळं गायलं जायचं. ‘महल’च्या ‘आएगा आनेवाला’ या गाजलेल्या गाण्याच्या पहिल्या तबकडीवर लताबाईंचं नावही नव्हतं, पात्राचं नाव ‘कामिनी’ छापलं होतं. तेव्हा चर्चा कुठल्या रूपाची चालली आहे, हे आधी ठरवून घ्या. थिएटरात विकली जाणारी गाण्यांची चोपडी मिळाली तर तिच्यात अंतरे मोजता येतात. चोरबाजारात अजून अशा चोपड्या सापडतात. शिवाय ती समोर ठेवली की बोलणाऱ्याची स्मृती जितकी उघडते तितकी दहा प्रश्नांनी उघडत नाही.

ठेवणीतले किस्से

नाव झालेल्या माणसाकडे सात-आठ किस्से घोटून गुळगुळीत झालेले असतात. ते आधीच्या मुलाखतींत वाचून ठेवा. किस्सा सुरू झाला तर अडवू नका, पण संपल्यावर त्यातली एखादी वस्तू धरा : खोलीत आणखी कोण होतं, वादक किती, किती टेक झाले, रात्री गाडी कुठून सुटली. तारदेवचं फिल्म सेंटर की वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ, एवढ्या फरकानंही किस्सा ताजा होतो.

एका वाक्यात तीन प्रश्न कोंबू नका, सोपा असेल त्याचंच उत्तर मिळतं. आणि उत्तर संपलं असं वाटलं की पाच सेकंद गप्प राहा. जड जातं, पण बरीच खरी माहिती त्या पाच सेकंदांनंतर येते.

आवाज

वर्सोव्याच्या कॅफेत मुलाखत ठरवणं ही मुंबईतली सगळ्यात लाडकी चूक. कॉफीचं ग्राइंडर नेमकं नावावरच सुरू होतं. घरीच भेटा, रस्त्याच्या उलट बाजूची खोली मागा, पडदे ओढा. पंखा बंद आणि एसी बोलण्यापुरता बंद, मात्र समोर ऐंशीच्या घरातले गृहस्थ असतील तर दर वीस मिनिटांनी एसी लावून थांबा. त्या वयाला पाऊण-पाऊण तासाच्या दोन बैठका एका तीन तासांच्या बैठकीपेक्षा जास्त देतात. पार्ले-सांताक्रूझकडे विमान गेलं की प्रश्न थांबवा, पावसाळ्यात खिडकीवरच्या पत्र्याचा ताशा आधी ऐकून बघा.

कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर. सिल्कची साडी किंवा ओढणी असेल तर घासण्याचा आवाज येतो, तिथं टेप लावून कापड स्थिर करा. पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. हसताना माणूस दुप्पट मोठा होतो आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवली तर एका माइकला तासाला सुमारे ५२० एमबी लागतात, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात जागेची चणचण नाही. दुसरं रेकॉर्डिंग फोनवर, विमान मोडमध्ये. शेवटी एक मिनिट कुणीच न बोलता खोलीची शांतता रेकॉर्ड करा, संकलनात जोड लपवायला ती लागते.

गाणं ऐकवायचं असेल तर स्पीकरवर नको. ते बोलण्याखाली झिरपतं, मग यूट्यूबवर हक्काचा दावा येतो आणि गाणं काढायला गेलं तर बोलणंही जातं. एका कानाला हेडफोन द्या आणि कुठल्या सेकंदापासून कुठवर वाजवलं ते वहीत टिपून ठेवा.

नंतरचं

संमती लेखी घ्या, तीही सुरुवातीला. छपाई, ऑडिओ, व्हिडिओ, अनुवाद, संग्रहालयात जतन, प्रत्येकाचा उल्लेख वेगळा. ‘हे छापू नका’ म्हटलं की रेकॉर्डर त्यांच्या देखत बंद करा.

शब्दांकनाला एका तासाच्या बोलण्यामागे पाच तास धरा. मराठी दिग्दर्शक संगीतावर बोलताना मधेच हिंदीत शिरतो, संगीतकाराचं वाक्य त्याच्याच हिंदीत सांगतो. ते मराठीत सपाट करू नका, उद्गार होता त्या भाषेत राहू द्या. मसुदा तपासायला पाठवताना सगळा न पाठवता नावं, सालं आणि स्टुडिओ असलेली वाक्यं वेगळी काढून पाठवा. सगळा मजकूर गेला की माणूस स्वतःचं बोलणं सुधारायला बसतो आणि जिवंत वाक्यं आधी कापतो. तेवढीच यादी गेली तर दोन दिवसांत फोन येतो : ‘अहो, तो व्हायोलिनवाला डिसूझा नव्हे, दुसरा होता.’ तो फोनही रेकॉर्ड करायची परवानगी मागा.